एकच डेटा, दर लेयरला नवीन नाव: सेगमेंट, डेटाग्राम, पॅकेट, फ्रेम... परीक्षेत नेमकं काय सांगायचं?

मधुरा_टेस्टर
नमस्कार मंडळी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, नेटवर्किंग कॉलेजात पास होण्यापुरतं केलं आणि विसरले, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवा त्याची ओरल झाली. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ट्रान्सपोर्ट लेयरचा पीडीयू (प्रोटोकॉल डेटा युनिट, म्हणजे त्या लेयरवरच्या डेटाच्या ठोकळ्याचं नाव) कोणता? हा म्हणाला सेगमेंट. बरोबर. "यूडीपीचा?" हा परत सेगमेंट. "चूक, डेटाग्राम." मग "नेटवर्क लेयरचा?" आता पोरगं घाबरलेलं, पण पुस्तकात आयपी डेटाग्राम असं वाचलेलं आठवलं म्हणून म्हणालं डेटाग्राम. "चूक, पॅकेट. डेटाग्राम आत्ताच सांगितला ना वरच्या लेयरला?" घरी आला तो तोंड पाडून, जेवला पण नाही नीट.

तर दोन प्रश्न. कोण बरोबर, सर का भाचा? आणि एकाच मालाला इतकी नावं ठेवायची गरजच काय, शेवटी बाइटच ना ते? आमच्या ऑफिसात सगळे सगळ्याला पॅकेट म्हणतात आणि आजवर कोणाचं काही अडलेलं नाही. मला तर हे परीक्षेसाठी काढलेलं खूळ वाटतं.

कट्टेकरी
भाच्याला सांगा, बाहेरून आलेले सर जे म्हणतील तोच पीडीयू. पुढचा धागा.

खोडरबर
आमच्या क्लासमध्ये वरून खाली पाठ करून घेतलं होतं: डेटा, सेगमेंट, पॅकेट, फ्रेम, बिट. "दादा सकाळी पाच फणस बघतात." बारा वर्षं झाली, कॉम्प्युटरशी संबंध नाही, आता मेडिकल स्टोअर आहे, पण फणस डोक्यातून जात नाहीत.

राउटरवाला
मधुराताई, चौदा वर्षं नेटवर्कमध्ये काढली, तुमच्या ऑफिससारखंच आम्ही पण तोंडाने सगळ्याला पॅकेटच म्हणतो. पॅकेट ड्रॉप झालं, पॅकेट लॉस आहे, पॅकेट कॅप्चर काढ. कोणी "फ्रेम कॅप्चर काढ" म्हणालेलं ऐकलं नाही. पण "अडलं नाही" हे मात्र मान्य नाही, त्याची एक गोष्ट आहे, रात्री निवांत लिहितो, आत्ता साइटवर आहे.

थोडक्यात टेबल असं: ॲप्लिकेशनने डेटा दिला, टीसीपीने त्याला आपलं हेडर लावलं की सेगमेंट, आयपीने त्यावर आपलं लावलं की पॅकेट, इथरनेटने पुढे हेडर आणि मागे शेपूट लावलं की फ्रेम, आणि तारेवर गेलं की बिट. टीसीपीऐवजी यूडीपी असेल, तोही ट्रान्सपोर्ट लेयरचाच, तर सेगमेंट नाही, डेटाग्राम. म्हणजे यूडीपीवर सर बरोबर. आयपीवर मी भाच्याला मार्क दिले असते.

चिकित्सक
"मार्क दिले असते" नाही राउटरवाले, द्यायलाच हवे होते. आयपीचं मूळ स्पेसिफिकेशन आरएफसी ७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे प्रोटोकॉल ज्यात लिहिलेले असतात ती कागदपत्रं), सप्टेंबर १९८१. त्यात पहिल्या पानापासून ज्या ठोकळ्याची ने-आण होते त्याला डेटाग्राम म्हटलंय. यूडीपीचं आरएफसी ७६८ त्याच्या आदल्या वर्षीचं, ऑगस्ट १९८०, जेमतेम तीन पानांचं, आणि प्रोटोकॉलच्या नावातच यूजर डेटाग्राम आहे. म्हणजे दोन वेगवेगळ्या लेयरला एकच शब्द आणि दोन्ही अधिकृत. सरांचं "वरच्या लेयरला सांगितला म्हणून खाली चालणार नाही" हे लॉजिक त्यांचं स्वतःचं.

आणि पीडीयू हा शब्द मुळात या घरातलाच नाही. तो ओएसआयवाल्यांचा, म्हणजे आयएसओच्या सात लेयरच्या मॉडेलवाल्यांचा, आयएसओ ७४९८, १९८४. त्यांच्याकडे सेगमेंट-पॅकेट असं काही नव्हतंच, त्यांची शिस्त म्हणजे लेयरचं आद्याक्षर लावा आणि पुढे पीडीयू म्हणा: ट्रान्सपोर्टचा टीपीडीयू, नेटवर्कचा एनपीडीयू. वरच्याने खाली दिलेलं ते खालच्यासाठी एसडीयू (सर्व्हिस डेटा युनिट), त्याला आपलं हेडर लावलं की पीडीयू, तो आणखी खालच्याचा एसडीयू. कंटाळवाणं पण स्वच्छ. इंटरनेटवाल्यांनी मात्र प्रत्येक प्रोटोकॉल लिहिताना सुचेल तो शब्द घेतला. नंतर कोणीतरी शिकवायला सोपं म्हणून ओएसआयचे लेयर डाव्या रकान्यात आणि इंटरनेटचे शब्द उजव्या रकान्यात टाकले आणि सगळी कॉलेजं तेच शिकवतात. एकाच्या बारशाला दुसऱ्याच्या घरची नावं.

मधुरा_टेस्टर
@चिकित्सक बारशाचं आवडलं :) भाच्याला वाचून दाखवलं, आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

फडकरी
मी कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे, कॉम्प्युटरचं एवढं कळत नाही पण मधुराताईंचा दुसरा प्रश्न (एकाच मालाला इतकी नावं का) वाचून हसू आलं. आमच्याकडं ऊस बघा. फडात टोळी तोडते तेव्हा हिशोब मोळीचा. मोळी बांधली की ट्रॉलीत भरतात, ड्रायव्हरला विचाराल तर तो सांगणार आज किती खेपा झाल्या, त्याला मोळीशी देणंघेणं नाही. कारखान्याच्या काट्यावर आला की टन, तिथला क्लार्क मोळी पण विचारत नाही. ऊस तोच, फडात होता तोच, पण ज्याच्या हातात आहे तो त्याच्या कामाच्या मापात बोलतो. आता काट्यावरच्या माणसाला जाऊन म्हणा चारशे मोळ्या आल्यात, तो म्हणेल बाजूला घे ट्रॉली.

राउटरवाला
फडकरी भाऊ, साष्टांग. पुढच्या बॅचला हेच सांगणार.

वैदेही_मो
मला वाटलं होतं आत्तापर्यंत कोणीतरी डबेवाल्यांचं उदाहरण देणार, दहा प्रतिसाद होत आले आणि अजून नाही आलं, धागा सुधारतोय.

कट्टेकरी
डबेवाले.

वैदेही_मो
संपलं सगळं.

तारमास्तर
मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, त्याआधी काही वर्षं तारघरात होतो, म्हणून डेटाग्रामबद्दल चार शब्द. हा शब्द डेटा आणि टेलिग्राम यांच्या जोडातून आलेला आहे, नॉर्वेच्या टपाल-तार खात्यातल्या हाल्व्हर बोथनर-बाय यांनी सुचवलेला, आणि फ्रान्समध्ये लुई पुझँ यांच्या सिक्लाद नेटवर्कमुळे सत्तरच्या दशकात तो रुळला. मला ही जोडी फार समर्पक वाटते, कारण तार कशी असायची ते आता कोणाला माहीत नाही. प्रत्येक तार स्वतंत्र. पूर्ण पत्ता तिच्यावरच. पाठवण्याआधी समोरच्याशी लाइन जोडून "हॅलो, तयार का" विचारायचं नाही. सकाळी पाठवलेली दुपारी आणि दुपारची सकाळच्या आधी, असंही व्हायचं, आणि "आई बरी आहे" ही तार "आई आजारी आहे" च्या आधी पोचली की घरात काय गोंधळ उडत असेल विचार करा. यूडीपीचं सगळं हेच आहे.

याच्या उलट टेलिफोन. आधी मार्ग बांधायचा, मग बोलायचं. आम्हा टेलिफोनवाल्यांना साहजिकच ते सभ्य वाटायचं, म्हणून एक्स.२५ या आमच्या डेटा नेटवर्कच्या स्टँडर्डमध्ये व्हर्च्युअल सर्किट आलं, आपल्याकडे आयनेट होतं ते त्याच जातीचं. सत्तरच्या दशकात युरोपात या दोन पक्षांची चांगली जुंपली होती. त्या काळात कोणी डेटाग्राम म्हणाला की तो कोणत्या पक्षाचा हे कळायचं. नुसतं नाव नव्हतं ते, झेंडा होता.

आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शब्दाचा अर्धा भाग मेला, शब्द जिवंत आहे.

सुमेध७७
तारमास्तर काका, लग्नाच्या शुभेच्छांना नंबर असायचे ना? पूर्ण वाक्य न पाठवता आकडा पाठवायचे म्हणे.

तारमास्तर
हो, ठराविक वाक्यांची यादी असायची, फॉर्मवर नंबर लिहायचा, तिकडे वाक्य छापून मिळायचं. आता तुम्ही लोक त्याला कॉम्प्रेशन म्हणता. चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला तर बारशाला लग्नाच्या शुभेच्छा. एरर करेक्शन नव्हतं.

शब्दवेल्हाळ
या सगळ्याला मराठीत शब्द का नाहीत? पॅकेटला पुडकं, फ्रेमला चौकट, सेगमेंटला खंड किंवा फाक, लेयरला थर. संत्र्याची फाक म्हणजे सेगमेंटच की, सोललं की आपोआप सुटी होते. आणि डेटाग्रामला विदातार. कोणी हसू नका.

खोडरबर
"साहेब, चौकटीतून पुडकं गळतंय" असं सपोर्टला फोन करून सांगितलं तर प्लंबर पाठवतील.

चिकित्सक
@शब्दवेल्हाळ पॅकेटला मराठी शब्द आहे की, पाकीट. आणि यात एक गंमत आहे. हे ठोकळे करून पाठवायची कल्पना दोघांना वेगवेगळी सुचली. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी त्याला मेसेज ब्लॉक म्हटलं, १९६४ च्या आसपास. इंग्लंडात नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ मध्ये सुचली, आणि त्यांनी नाव ठरवण्याआधी चक्क एका भाषातज्ज्ञाला विचारलं, की असा शब्द हवा जो इतर भाषांमध्ये नेताना त्रास होणार नाही. त्यातून पॅकेट हा शब्द निघाला. म्हणजे आपण जे भांडतोय ते त्या माणसाने साठ वर्षांपूर्वी आधीच लक्षात घेतलं होतं. आपल्याकडे तर तो शब्द टपालासोबत आणि खिशासोबत कधीच येऊन पाकीट झालेला.

शब्दवेल्हाळ
पाकीटमार म्हणजे मग स्निफर, दुसऱ्यांची पॅकेट चोरून वाचणारा. मी माझी सगळी हरकत मागे घेतो.

राउटरवाला
आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे दोन इमारती जोडायच्या होत्या, एका टोकाला एका कंपनीचा राउटर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या. कंपन्यांची नावं सांगत नाही, दोघांचंही काही चुकलेलं नव्हतं. मधे ओएसपीएफ, राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल. लिंक वर, पिंग जातंय, पण शेजार काही जमेना, दोघंही एक्सस्टार्टमध्ये, म्हणजे ओळख पूर्ण व्हायच्या आधीच्या पायरीवर, अडकून बसलेले. ज्यांनी ओएसपीएफ केलंय त्यांना कळलं असेल, एमटीयू (एका वेळी जाऊ शकणारं कमाल माप) जुळत नाही. पण दोन्हीकडे एमटीयूच्या खाली १५०० लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो. रात्रीचे दोन वाजले, केबल बदलली, पोर्ट बदलला, तिसऱ्या वेळेला चहा झाला.

शेवटी कळलं ते असं. एका राउटरवर इंटरफेसचा एमटीयू म्हणजे आयपी पॅकेटची मापं, १५०० म्हणजे १५००. दुसऱ्यावर एमटीयू म्हणजे इथरनेटचं १४ बाइटचं हेडर धरून, तिथे डिफॉल्ट १५१४ असतो. कोणीतरी शहाण्याने "एकसारखं करूया" म्हणून तिथे पण १५०० टाकलेला. म्हणजे आयपीसाठी उरले १४८६. एक पॅकेट मोजत होता, दुसरा फ्रेम मोजत होता, आणि दोन्ही स्क्रीनवर शब्द एकच. १५१४ केलं आणि दहा सेकंदांत शेजार जमला. पिंग जात होतं कारण पिंग छोटं होतं.

तर मधुराताई, बोलताना पॅकेट म्हणा, मीही म्हणतो. पण आकडा आला की लगेच विचारायचं, कशाचा आकडा? १४६० सेगमेंटमधला डेटा (१५०० वजा २० आयपीचे वजा २० टीसीपीचे), १५०० पॅकेट, १५१८ फ्रेम शेपटासकट, व्हीलॅन टॅग असेल तर १५२२. चारही आकडे बरोबर आहेत, फक्त ज्याचे त्याला लावायचे. फडकरी भाऊंची ट्रॉली काट्यावर उभी आहे आणि क्लार्क मोळ्या मोजतोय, असं झालं होतं ते.

फडकरी
आमच्याकडं तसंच होतं. ट्रॉलीसकट वजन धरलं का रिकाम्या ट्रॉलीचं वजा केलं यावरनं दर हंगामात वाद.

वैदेही_मो
रिकाम्या ट्रॉलीचं वजन म्हणजे हेडर. मानलं.

मधुरा_टेस्टर
बरं, खूळ हा शब्द मागे घेते. पण मग आयपीला डेटाग्राम म्हणा का पॅकेट म्हणा दोन्ही चालतं, तर दोन शब्द कशाला? तिथे तर आकडा पण तोच आहे.

चिकित्सक
तोच नाही, आणि हाच सगळ्यात सुंदर भाग आहे. आरएफसी ११२२, ऑक्टोबर १९८९, त्यात सुरुवातीलाच शब्दांचे अर्थ नक्की केलेत. आयपी डेटाग्राम म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं एकक. पॅकेट म्हणजे आयपी लेयर खालच्या लिंक लेयरच्या हातात जे देतो ते, मग तो पूर्ण डेटाग्राम असेल किंवा डेटाग्रामचा तुकडा असेल.

उदाहरण घ्या. ४००० बाइटचा डेटाग्राम आहे, त्यात २० हेडर आणि ३९८० माल. रस्त्यावर एमटीयू १५००. आयपी त्याचे तुकडे करणार: १४८०, १४८० आणि १०२० बाइटचा माल, प्रत्येकावर नवीन २० चं हेडर, म्हणजे १५००, १५०० आणि १०४०. आता मोजा. डेटाग्राम किती? एक. पॅकेट किती? तीन. फ्रेम किती? तीन, आणि प्रत्येक राउटरनंतर नव्या, कारण फ्रेम पुढच्या स्टॉपपर्यंतच जगते. समोरच्या मशीनवर तिन्ही पॅकेट पोचल्यावर परत एक डेटाग्राम जुळणार, मगच वर जाणार. एक तुकडा हरवला तर बाकीचे दोन पोचूनही कचऱ्यात. "एक पॅकेट हरवलं" आणि "एक डेटाग्राम हरवला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आयपीव्ही६ मध्ये मात्र आरएफसी ८२०० सरळ पॅकेट म्हणतं, तिथे मधल्या राउटरने तुकडे करायचेच नाहीत. म्हणजे सरांना आयपीव्ही६ अभिप्रेत असेल तर तेही बरोबर. फक्त प्रश्नात तसं म्हणायला हवं होतं.

सुमेध७७
सेगमेंटला सेगमेंट का म्हणतात ते मला आत्ता कळलं. टीसीपीकडे वरून येतो तो सलग प्रवाह, त्यात तुकडे नसतातच, टीसीपी स्वतः कापतो. यूडीपी कापत नाही, दिलेलं तसंच एका डेटाग्राममध्ये. म्हणून भाच्याचं यूडीपी सेगमेंट हे खरंच चुकलं होतं, सॉरी. शब्दवेल्हाळांची संत्र्याची फाक टीसीपीला लागू, यूडीपी म्हणजे अख्खा चिकू.

शब्दवेल्हाळ
चिकू प्रोटोकॉल. पेटंट घ्या कोणीतरी.

बे_एरियाकर
इकडे सकाळ झाली, अख्खा धागा कॉफीबरोबर वाचला. तुम्ही सगळे जे टेबल वाचवताय ना, ते आम्ही आधीच मोडून ठेवलंय. मी ज्या टीममध्ये आहे तिथे क्विकवर (यूडीपीवर चालणारा नवा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल) काम चालतं, आरएफसी ९०००, मे २०२१. तिथे क्विकच्या पॅकेटच्या आत फ्रेम असतात. हो, पॅकेटच्या आत फ्रेम. ते क्विक पॅकेट यूडीपी डेटाग्रामच्या आत, तो आयपी पॅकेटच्या आत, ते इथरनेट फ्रेमच्या आत. आणि वरून एचटीटीपी/३ चालत असेल तर त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फ्रेम, त्या क्विकच्या स्ट्रीम फ्रेममध्ये. म्हणजे वरून खाली: फ्रेम, फ्रेम, पॅकेट, डेटाग्राम, पॅकेट, फ्रेम. दादांनी आता फणस किती वेळा बघायचे?

मीटिंगमध्ये आम्ही "कुठली फ्रेम" हे विचारल्याशिवाय वाक्य पूर्ण करत नाही.

चिकित्सक
आणि हे अगदी तळालाही होतं. इथरनेटचं स्टँडर्ड ८०२.३ उघडून बघा. सुरुवातीचे सात बाइट प्रिअँबल आणि एक बाइट आरंभखूण, ते फ्रेममध्ये धरत नाहीत. मग ते दोन्ही धरून जे होतं त्याला ८०२.३ काय म्हणतं? पॅकेट. म्हणजे आयपी पॅकेट फ्रेमच्या आत आणि फ्रेम इथरनेट पॅकेटच्या आत. हे ओरलमध्ये सांगितलं तर सर राजीनामा देतील.

खोडरबर
मी मेडिकल स्टोअर काढलं ते बरंच केलं.

वैदेही_मो
मी मोबाइल नेटवर्कमध्ये आहे, आमच्याकडे ओएसआयवाल्यांची शिस्त अजून टिकून आहे. फोर-जी, फाइव्ह-जीच्या स्पेसिफिकेशनमध्ये आरएलसी एसडीयू, आरएलसी पीडीयू, मॅक पीडीयू (आरएलसी आणि मॅक हे आमचे लेयर), असंच लिहिलेलं, कोणी पॅकेट म्हणत नाही, आणि सगळ्यात खाली फिजिकलला दिलं की ट्रान्सपोर्ट ब्लॉक. सुरुवातीला डोकं उठतं पण एकदा सवय झाली की कळतं, एसडीयू म्हणजे मला मिळालेला, पीडीयू म्हणजे मी दिलेला, बस. वायफायवाले पण तसेच, एमएसडीयू आणि एमपीडीयू, आणि दोन्हींचे गठ्ठे वेगवेगळ्या प्रकारे बांधतात. तिथे फक्त "फ्रेमचे गठ्ठे" म्हटलं तर खरंच कळणार नाही की गठ्ठा हेडर लावायच्या आधी बांधला की नंतर. आधी बांधला तर मधे एक बिट खराब झाला की पूर्ण गठ्ठा परत पाठवा, नंतर बांधला तर खराब झालेला तेवढाच.

आणि बिट पण शेवट नाहीये बरं का. हवेत बिट जात नाहीत, सिंबॉल जातात, एका सिंबॉलमध्ये अनेक बिट.

कट्टेकरी
सेल राहिला. एटीएमचा सेल.

खोडरबर
एटीएमचा सेल संपला की पैसे येत नाहीत का

तारमास्तर
एटीएम म्हणजे पैशांचं नव्हे, असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, आमच्या टेलिफोनवाल्यांचं शेवटचं मोठं स्वप्न. त्याचा सेल ५३ बाइटचा, ४८ माल आणि ५ हेडर. हा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. अमेरिकन म्हणाले ६४ ठेवा, डेटासाठी बरं. युरोपीय, विशेषतः फ्रेंच, म्हणाले ३२, कारण आवाज ६४ केबीपीएसने भरत भरत ३२ बाइट व्हायला ४ मिलिसेकंद लागतात, ६४ ला ८, आणि उशीर वाढला की प्रतिध्वनी, मग देशभर इको कॅन्सलर लावा. शेवटी समितीने बेरीज करून दोनाने भागलं. ४८. दोघेही सारखेच नाराज, म्हणजे तोडगा बरोबर.

घरोघरी एडीएसएल ब्रॉडबँड आलं तेव्हा मॉडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ टाकायचे आठवतंय का कोणाला? ते याच सेलचे पत्ते. तुमचं इथरनेटचं फ्रेम त्या तारेवर ४८-४८ चे घास करून जायचं.

सुमेध७७
०/३५!! माझ्या हातांना अजून पाठ आहे. काय म्हणून टाकतोय ते आज कळलं, वीस वर्षांनी.

मधुरा_टेस्टर
मंडळी, भाचा धाग्यावर आलाय, त्याचं खातं काढलंय, त्याला विचारायचंय काहीतरी. लाजतोय.

अर्धा_सेगमेंट
नमस्कार. मी तो भाचा. सगळ्यांना थँक्यू, मावशीने सगळं वाचून दाखवलं. मी काल घरी वायरशार्क (पॅकेट पकडून आतलं दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं, लिनक्सवर. तिथे पहिल्या ओळीत फ्रेम लिहिलेलं असतं, मग इथरनेट, मग आयपी, मग टीसीपी, टेबलाप्रमाणे. छोटी फ्रेम ६० बाइटची दिसली, आत आयपीची एकूण लांबी फक्त ४० होती, मग ६ बाइट पॅडिंग, ते कळलं (किमान ६४ हवेत, ४ शेपटाचे वायरशार्क दाखवत नाही). पण एक फाइल डाउनलोड करताना फ्रेमची लांबी २९६२ बाइट दिसली. आणि पुढे ऑन वायर असं पण लिहिलंय. जम्बो फ्रेम चालू नाहीत, एमटीयू १५०० आहे, तपासलं. १५१४ च्या वर फ्रेम कशी आली? आणि एका ठिकाणी "टीसीपी सेगमेंट ऑफ अ रिअसेंबल्ड पीडीयू" असं लिहिलेलं होतं, त्यात तर सेगमेंट पण आहे आणि पीडीयू पण.

राउटरवाला
शाब्बास रे पठ्ठ्या. हा प्रश्न मी इंटरव्ह्यूला विचारतो, दहातले दोघं सांगतात.

२९६२ मधून १४ इथरनेटचे काढ, २० आयपीचे, ३२ टीसीपीचे (२० आणि टाइमस्टॅम्पचे १२). उरले २८९६. म्हणजे १४४८ गुणिले २. तारेवरून दोन सेगमेंट दोन फ्रेममध्ये आले, तुझ्या मशीननेच वर द्यायच्या आधी ते जोडून एक केले, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) दोनदा मेहनत नको. त्याला जीआरओ म्हणतात. वायरशार्क त्याच्या नंतर बसलेला असतो, त्यामुळे त्याला एकच मोठी दिसते. ऑन वायर लिहिलंय ते तारेवर कधी नव्हतंच. पाठवताना पण असंच उलटं होतं, कर्नल मोठा ठोकळा देतो आणि कार्ड कापतं. ईथटूल वापरून जीआरओ बंद कर आणि परत बघ, १५१४ दिसेल.

दुसऱ्याचं उत्तर: तिथला पीडीयू म्हणजे टीसीपीच्या वरच्याचा, बहुधा टीएलएसचा किंवा एचटीटीपीचा. तो एका सेगमेंटमध्ये मावला नाही, म्हणून वायरशार्क म्हणतोय की हा त्यातला एक तुकडा.

अर्धा_सेगमेंट
जीआरओ बंद केलं. १५१४ आलं!! मग ते २९६२ वालं जे होतं त्याला काय म्हणायचं? फ्रेम नाही कारण तारेवर नव्हती, पॅकेट नाही कारण कोणी तसं पाठवलंच नाही, सेगमेंट पण दोन होते.

चिकित्सक
...

कट्टेकरी
चिकित्सक गप्प झाले. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चिकित्सक
विचार करतोय, थांबा. लिनक्स कर्नलमध्ये त्याला एसकेबी म्हणतात, सॉकेट बफर. पण ते डब्याचं नाव झालं, आतल्या मालाचं नाही.

फडकरी
दोन खेपांचा ऊस गव्हाणीत एकत्र पडला की त्याला आम्ही पण काही म्हणत नाही. नुसता ऊस.

राउटरवाला
अर्धा_सेगमेंट, पुढच्या ओरलला हा प्रश्न तू सरांना विचारायचा नाहीस. आधी मार्क लिहून होऊ देत.